केस लहान आहे, ती लहानच राहू द्या: कबड्डी संघाच्या चाहत्यांना खुले पत्र

प्रति,
आपल्या कॉलेजच्या कबड्डी संघाचे समस्त चाहते,
तसेच त्यांच्या नावानं बॅनर छापणारी सर्व मित्रमंडळं

स.न.वि.वि.

येत्या सोमवारी आपला रेडर, म्हणजे चढाई करणारा पोरगा, बुलेटच्या अपघाताच्या केसमध्ये जबाब द्यायला पोलीस ठाण्यात जाणार आहे. त्या दिवशी बाजार समितीच्या गेटपासून ठाण्यापर्यंत मोटारसायकल रॅली काढायची, ठाण्यासमोर त्याला हार घालायचा आणि मेन रोडवरची दुकानं दुपारपर्यंत बंद ठेवायला लावायची, असं तुम्ही ठरवलंय. त्याची वर्गणी मागायला तुमच्यातली काही पोरं परवा माझ्याकडे आली होती. मी दिली नाही. 'नाना, तुम्हीसुद्धा?' असं म्हणत ती निघून गेली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्यामुळे कारण सांगायचं राहिलं. ते इथं चारचौघांत सांगतो, कारण रॅलीही चारचौघांतच निघणार आहे.

बहुतेकांना माझी ओळख द्यायला नको. मोटार रिवाइंडिंगवाले नाना. आम्ही मातीत खेळलो, मॅट आमच्या नशिबी नव्हती. आजही गावात स्पर्धा असली की पहाटे मैदानाच्या रेषांवर फक्की मारायला मी असतो. माझी मुलगी त्याच कॉलेजच्या मुलींच्या संघात बचावाला, उजव्या कोपऱ्याला खेळते. आणि ज्याच्यासाठी तुम्ही रॅली काढताय तो पोरगा शाळेत असल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा हा तिसरी-चौथीत असेल. पानटपरीवरच्या टीव्हीसमोर उभा राहून सामने बघायचा आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तसाच पाय टाकून बोनस काढायचा प्रयत्न करायचा. त्याचं वाईट व्हावं असं मला वाटतं, असा अर्थ कोणी काढणार असेल तर आधी पत्र पूर्ण वाचावं.

गावात आता त्या रात्रीच्या इतक्या गोष्टी फिरतायत की मूळ गोष्ट हरवली. म्हणून ती आधी लिहितो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल जिंकली. मळ्यात भरीत पार्टी झाली, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या झाल्या. इथवर कोणाचंच काही म्हणणं नाही. परतताना मित्राच्या बुलेटवर तिघं बसले आणि गाडी आपल्या हिरोनं घेतली. त्याच्याकडे लायसन्स नाही. स्टँडच्या वळणावर गाडी घसरली आणि केळीच्या लोटगाडीवर जाऊन आदळली. लोटगाडीचं चाक वाकलं, वजनकाटा फुटला, केळी रस्त्यावर पडली. लोटगाडीवाले बाबा बाजूच्या टपरीवर चहा घेत होते म्हणून वाचले. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. कोणी प्यायलेलं नव्हतं. गस्तीची गाडी जवळच होती, तिघांना ठाण्यात नेलं, बाबांनी तक्रार दिली, गुन्हा नोंदवला गेला. बस, एवढंच.

हा गुन्हा केवढा आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार वाहन चालवणं. जास्तीत जास्त सहा महिने कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीनपात्र आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याखाली लायसन्स नसल्याचे ५,००० आणि तिघं बसल्याचे १,००० रुपये. पोलिसांनी त्याच रात्री नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली नोटीस दिली, 'बोलावू तेव्हा हजर राहा' म्हणून सांगितलं आणि घरी जायला मोकळं केलं. लॉकअप नाही, बेड्या नाहीत, मारहाण नाही. कबड्डीच्या भाषेत सांगायचं तर पंचानं हिरवं कार्ड दाखवलं. ताकीद मिळाली, मैदानाबाहेर कोणी काढलं नाही.

आता त्या हिरव्या कार्डाचं लाल कार्ड कसं होतंय ते बघा, आणि ते करतंय कोण तेही बघा.

त्याला घरी जायला सांगितलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. पण तो जाऊ शकला नाही. ठाण्याच्या गेटवर तुम्ही होता. 'सोडा, सोडा' अशा घोषणा चालल्या होत्या, आणि ज्याला सोडलं होतं तो आत बाकड्यावर बसून बाहेरची गर्दी हटायची वाट बघत होता. त्याचे वडील गर्दीतून आत जाऊ शकत नव्हते. मी स्वतः त्यांचा हात धरून त्यांना गेटपर्यंत नेलं. गेटवर ड्युटीला असलेल्या महिला पोलिसाला तुमच्यातला एकजण जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्यानं तिच्या हातातली काठी धरून ओढली. त्या बाईनं मनात आणलं असतं तर तिथल्या तिथं न्याय संहितेचं कलम १३२ लागलं असतं, सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवण्यासाठी बळाचा वापर. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र. म्हणजे आत बसलेल्याची केस जामीनपात्र, आणि त्याला सोडवायला आलेल्याची अजामीनपात्र. तिनं तक्रार दिली नाही, हा तिचा मोठेपणा. तो तुम्हाला कळला नाही, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही तिचाच व्हिडिओ काढून 'हिची बदली करा' म्हणून फिरवला.

मग वळलात लोटगाडीवाल्या बाबांकडे. 'केस मागे घ्या' म्हणून त्यांना फोन गेले, घरी माणसं गेली, त्यांचा मुलगा ज्या दुकानात कामाला आहे त्या मालकालाही निरोप गेला. मी बाबांना भेटलो. ते एवढंच म्हणाले, "मन्ही गाडी मोडनी, अन् आते मीच माफी मांगू का?" याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर मला कळवा. आणि तुमच्यातल्या एकाही वकीलमित्रानं तुम्हाला हे सांगितलं नाही का, की कलम २८१ हे फिर्यादी आणि आरोपीनं आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीतच नाही? ही केस सरकारची आहे. बाबांनी उद्या अंगठा देऊन 'माझी तक्रार नाही' असं लिहून दिलं तरी ती आपोआप संपत नाही. उलट फिर्यादीला धमकावल्याचं एक नवं प्रकरण मात्र उभं राहतं. कलम ३५१, दोन वर्षांपर्यंत. आणि खोटी साक्ष द्यायला धमकावलं असं ठरलं तर कलम २३२, सात वर्षांपर्यंत. हजार रुपयांच्या दंडातून वाचवायला निघालेल्या माणसांनी सात वर्षांच्या कलमाशी खेळ मांडलाय, आणि त्याला नाव दिलंय पाठिंबा.

बाबांची जात काढली गेली, पोराची जात काढली गेली. त्यावर मी काही लिहिणार नाही. ज्यांनी काढली त्यांनी संघाच्या सात जणांची नावं एकदा नीट वाचावीत. सातही जण एकमेकांच्या हाताची साखळी धरून उभे असतात, तेव्हा तुम्ही शिट्ट्या मारत असता.

आता माझ्या घरचं. माझ्या मुलीनं कॉलेजच्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ लिहिली. 'भाऊनं स्वतः जाऊन केळीवाल्या बाबांना भेटावं आणि नुकसान भरून द्यावं.' एवढंच. त्याचा स्क्रीनशॉट बाहेर गेला. त्या संध्याकाळपासून तिचा संघाच्या ड्रेसमधला फोटो, त्याखाली घाणेरडी वाक्यं, 'गद्दार', 'मुलींनी भाकरी थापाव्या', आणि त्याहून वाईट. काही नंबर मी ओळखतो. काहींच्या घरच्या पाण्याच्या मोटारी माझ्या दुकानात दुरुस्त होतात. मुलगी दोन दिवस प्रॅक्टिसला गेली नाही. तिच्या आईचं म्हणणं आहे, पुरे झाली कबड्डी. संघातल्या आणखी मुलींच्या घरीही हीच चर्चा आहे. तालुक्याच्या गावात मुलींचा बारा जणींचा संघ उभा करायला क्रीडा संचालक आणि आम्ही काही पालक घरोघर फिरलोय. 'प्रॅक्टिस संध्याकाळी सहाला संपते का, मुलीसोबत कोण येतं, ड्रेस कसा असतो' या प्रश्नांची उत्तरं देता देता जीव जातो. ते सगळं तुम्ही दोन रात्रींत धुळीला मिळवलं. आणि ज्याच्या नावानं हे केलं त्या पोराला याबद्दल विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, 'नाना, मी कोणाला सांगितलं नव्हतं.' माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण 'ताईबद्दल असं बोलू नका' हे त्यानं ग्रुपवर लिहायला हवं होतं, ते अजून लिहिलेलं नाही. हेही त्याला तोंडावर सांगून झालंय.

हे पत्र फक्त एका बाजूच्या चाहत्यांना आहे असं वाटून फायनल हरलेल्या कॉलेजच्या मंडळींनी हसू नये. 'खेळाडू नव्हे गुंड' असं लिहून तुम्ही त्याचा ठाण्यातला फोटो फिरवला, मागे गाणं लावलं, विद्यापीठाच्या निवडीतून त्याला काढा म्हणून निवेदन तयार केलं. ज्या पोराच्या चढाईला तुमच्या कोपऱ्याकडे उत्तर नव्हतं, त्याला लोटगाडीच्या आडून पकडायला निघालात. तो दोषी आहे की नाही हे कोर्ट ठरवेल. दोषी ठरला तर काय शिक्षा, तेही वर लिहिलंय. संघातून काढणं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही.

आणि बॅनर. स्टँडवर 'खान्देशचा वाघ, आम्ही तुझ्या पाठीशी' असा लांबलचक बॅनर लागलाय. त्यात वाघाचा फोटो कोपऱ्यात आणि पाठीशी असणाऱ्यांचे मोठे. नगरपालिकेच्या निवडणुकीत कोणाला कोणत्या वॉर्डातून उभं राहायचंय हे त्या बॅनरवरून लहान मूलही सांगेल. गंमत म्हणजे त्यात बुलेटच्या मालकाचाही फोटो आहे. भो, लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी देणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याचं कलम १८० लागतं, तिथंही ५,००० रुपये. तू पाठीशी उभा राहण्यापेक्षा शेजारी उभा राहा, तुझी जागा तीच आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसलो तिकडे येतो. आपल्या गावात पहाटे पाच वाजता धरणगाव रोडला गेलात तर कोण धावताना दिसतं? भरतीची पोरं. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. शेतीत राम राहिलेला नाही, एमआयडीसीत कंत्राटी काम, म्हणून पोलीस नाहीतर सैन्य. संघातला जवळजवळ प्रत्येकजण त्याच वाटेवर आहे, आणि तुम्ही रॅलीवालेही. आपल्या रेडरचं तर गणितच सरळ आहे. उद्या आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात निवड, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, जमलं तर राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के समांतर आरक्षण. सालदाराच्या घरात पहिली कायमची नोकरी.

त्या नोकरीआधी चारित्र्य पडताळणी होते. त्यासाठी भरायच्या साक्षांकन नमुन्यात स्पष्ट विचारलेलं असतं, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का. ही एक केस त्यानं तिथं खरी लिहिली तर त्याचं काय होईल? सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात यावर तपशिलात सांगितलंय. माहिती खरी द्या, लपवू नका. गुन्हा किरकोळ असेल, लहान वयात घोषणा देण्यासारखा असेल, तर तो लपवल्याच्या चुकीकडेही नेमणूक करणारा अधिकारी आपल्या अधिकारात दुर्लक्ष करू शकतो; आणि चालू असलेली किरकोळ केस खरी लिहिली असेल तर तिच्या निकालाच्या अटीवर नेमणूक करू शकतो. शब्द 'करू शकतो' असा आहे, 'करेलच' असा नाही. म्हणजे अधिकाऱ्यासमोर फाईल येईल तेव्हा त्यात काय दिसतं यावर सगळं अवलंबून. तिथं एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, एक घसरलेली गाडी, भरलेला दंड, भरून दिलेलं नुकसान एवढंच दिसलं तर कोणीही समजून घेईल. त्याच फाईलला ठाण्याला घेराव, फिर्यादीवर दबाव, महिला पोलिसाशी हुज्जत, बाजारपेठ बंद असं चिकटत गेलं तर? त्यातलं एकही त्यानं केलेलं नसेल, पण नाव त्याचंच असेल, कारण बॅनरवर नाव त्याचं आहे.

आणि तुमचं स्वतःचं काय? परवानगी नसताना पाच किंवा जास्त जणांनी ठाण्यासमोर गोंधळ घातला की बेकायदेशीर जमावाचं कलम लावायला वेळ लागत नाही. सीसीटीव्हीत मोटारसायकलींचे नंबर दिसतात. तुमच्यातल्या पाच पोरांची भरती एका रॅलीत संपेल. त्यांच्यासाठी रॅली कोण काढणार? बॅनरवरचे चेहरे तर तेव्हा निवडून आलेले असतील.

कॉलेजलाही दोन शब्द. घटनेच्या दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला, 'पुढील आदेशापर्यंत निलंबित'. पोराला बोलावलं नाही, त्याचं ऐकलं नाही, कोणत्या नियमाखाली तेही लिहिलं नाही. चौथ्या दिवशी कुठून तरी फोन आला आणि त्याला तोंडी सांगितलं, 'ये प्रॅक्टिसला'. कागद मात्र अजून बोर्डावर आहे. म्हणजे निलंबनही घाबरून आणि परत घेणंही घाबरूनच. मुलांनी यातून काय शिकायचं?

माझ्या मागण्या अशा आहेत.

रॅली आणि बंद रद्द करा. सोमवारी तो जाईल, सोबत वडील असतील आणि एक वकील असेल. वकिलाची व्यवस्था आम्ही काही जुन्या खेळाडूंनी केली आहे. बॅनर रविवारपर्यंत उतरवा.

लोटगाडीचं चाक, वजनकाटा आणि त्या दिवसाच्या केळीचे पैसे बाबांना द्या. केस मिटवायला नव्हे, त्यांचं नुकसान झालं म्हणून. हे पैसे देताना त्यांच्याकडून कसलाही कागद लिहून घ्यायचा नाही आणि फोटो काढायचा नाही. अर्धा भाग बुलेटच्या मालकानं उचलावा. बाबांना, त्यांच्या मुलाला किंवा त्याच्या मालकाला यापुढे एकही फोन जाता कामा नये.

त्या महिला पोलिसाचा व्हिडिओ आणि माझ्या मुलीचा फोटो ज्यांनी टाकला त्यांनी काढावा, आणि जिथं टाकला तिथंच माफी लिहावी. मुलींच्या संघाची प्रॅक्टिस सुरू आहे आणि सुरूच राहील. तिथं मैदानाच्या कडेला उभं राहून शेरे मारणाऱ्यांना आम्ही पालक स्वतः उठवू.

कॉलेजनं त्याला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकावं आणि जो काही निर्णय असेल तो लेखी द्यावा. एक-दोन सामने बाहेर बसवायचं असेल तर तसं लिहा, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण किती सामने आणि कशासाठी, हे लिहिलेलं असावं. आणि संघातल्या ज्या खेळाडूंचं वय झालंय त्यांना लायसन्स काढायला लावावं. लर्निंग लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या ऑनलाइन देता येते, पुढचा सामना होईपर्यंत सगळ्यांचं निदान लर्निंग तरी निघेल.

आपल्या रेडरला वेगळं पत्र लिहीत नाही. त्यानं बाबांना जाऊन भेटावं, एकट्यानं.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझ्या मुलीबद्दल जे लिहिलं गेलं त्यावर न्याय संहितेचं कलम ७९ लागतं, स्त्रीच्या मानसन्मानाचा अवमान, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. सगळे स्क्रीनशॉट तारखेसकट माझ्याकडे आहेत. मी अजून तक्रार दिलेली नाही, कारण त्यातली निम्मी पोरं मला पहाटे धरणगाव रोडला धावताना दिसतात. रविवारी रात्रीपर्यंत फोटो निघाला नाही, किंवा लोटगाडीवाल्या बाबांच्या दारात पुन्हा कोणी गेलं, तर सोमवारी सकाळी ठाण्यात मीही असेन, आणि माझ्या हातात तो कागद असेल.

आपला,
नाना
मोटार रिवाइंडिंगवाले, उजव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलीचा बाप